वीजतंत्री होण्याचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीची गोष्ट. साडेनऊचा सुमार असेल. आमच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला पुढे घालून दारात उभ्या. हातात शंभर पानी वही. वहिनी इथल्याच एका इस्पितळात आयाचं काम करतात. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कॉमर्सला दोन विषयांत गेलेला, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, मान खाली.

"भाई, तुम्ही बी.ए. झालेले आहात," वहिनी म्हणाल्या, "एवढा हिशेब बघून सांगा. याचे मामा म्हणतात, वायरिंगच्या मिस्त्रीच्या हाताखाली घाला, उद्यापासून पैसे सुरू. शाळेतले सर म्हणतात, दहावीचे मार्क बरे आहेत, आयटीआयला घाला. मला दोन्ही पटतंय."

आत आमच्या घरात हसू फुटलं. कारण दूधवाल्याचा हिशेबसुद्धा आमच्याकडे बायको ठेवते. पण वही हातात घेतली आणि मला हसू आलं नाही. असाच एक हिशेब चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात व्हायला हवा होता. तो झाला नाही आणि त्याची किंमत माझ्या अब्बांनी मोजली. तो भाग पुढे येईल.

आधी हे शिक्षण आहे काय, ते सांगतो. आपण सरसकट 'वायरमनचा कोर्स' म्हणतो. आयटीआयच्या माहितीपुस्तकात त्याची दोन नावं आहेत. एक वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. दुसरं तारतंत्री, म्हणजे वायरमन. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. पहिल्याला दहावी पास लागते, दुसऱ्याला आठवी पास चालते. पोरं जोड मारायला शिकतात, घराचं वायरिंग, अर्थिंग, बॅटरी, मोटार, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग अशी पायरी पायरीनं वर जातात. अलीकडे सोलरही आलं आहे. देशात ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, म्हणजे ज्याला आपण अप्रेंटिसशिप म्हणतो ती. त्याच १९६१ साली मनोहर जोशींनी दादरला कोहिनूरचे वर्ग काढले. इलेक्ट्रिशियन, प्लंबर असले धंदे शिकायला तिथे जाणारी पोरं आमच्या भागात घरोघर असत.

आता वहीकडे येऊ. वहिनींनी मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. डाव्या बाजूला आयटीआयचा खर्च, उजव्या बाजूला मिस्त्रीकडची कमाई. डाव्या रकान्यात फी, गणवेश, बूट, हत्यारांची पेटी, वह्या, ड्रॉइंगचं सामान आणि दोन वर्षांचा बसचा पास. सरकारी संस्था धरली होती, त्यामुळे फी अगदी बेताची. सगळं मिळून दोन वर्षांचे अठरा हजार. उजवीकडे मिस्त्रीनं कबूल केलेला पगार: पहिल्या वर्षी महिना दहा हजार, दुसऱ्या वर्षी बारा, तिसऱ्या वर्षी चौदा.

"अठरा हजार मी उभे करीन," वहिनी म्हणाल्या. "मग अडचण कुठे आहे?"

अडचण अशी की डाव्या रकान्यात सर्वांत मोठा खर्च लिहिलेलाच नव्हता. मुलगा दोन वर्षं शिकेल तेव्हा कमावणार नाही. मिस्त्रीकडे मिळाले असते ते पैसे सोडावे लागतील आणि तोच या शिक्षणाचा खरा खर्च आहे. फी त्यापुढे काहीच नाही. गरिबाच्या घरचा मुलगा फी कमी असूनही अर्ध्यात आयटीआय सोडतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. घराला महिन्याचे दहा हजार नसल्याची उणीव दुसऱ्या महिन्यापासून भासू लागते.

म्हणून आम्ही तीन वर्षांची बेरीज नव्यानं मांडली. मिस्त्रीकडे पहिल्या वर्षी १,२०,०००, दुसऱ्या वर्षी १,४४,०००, तिसऱ्या वर्षी १,६८,०००. एकूण ४,३२,००० रुपये. इकडे आयटीआयच्या वाटेनं पहिली दोन वर्षं अठरा हजार घरातून जाणार. तिसरं वर्ष अप्रेंटिसशिपचं. २०१९ साली नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. एखादी कंपनी जास्त देते, पण आपण किमान धरू. वर्षाचे ८४,०००. त्यातून अठरा हजार वजा केले की हाती ६६,०००. म्हणजे तीन वर्षं संपतील तेव्हा आयटीआयचा मुलगा मिस्त्रीच्या पोरापेक्षा ३,६६,००० रुपयांनी मागे असेल.

वहिनींनी तो आकडा दोनदा वाचला. मुलगा पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, "मग मामा बरोबर बोलतात ना, चाचा?"

मामा बरोबर बोलतात की नाही, हे चौथ्या वर्षापासून कळायला लागतं. आणि चौथ्या वर्षाचं खरं चित्र जाहिरातींत दिसतं तसं नाही. आमच्या परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्या प्रत्येकाच्या तळघरात पॅनेलची खोली असते, पंप असतात, जनरेटर असतो आणि तिथे पाळीवर वीजतंत्री लागतो. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. कोरं प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या मुलाला कंत्राटदाराकडून चौदा-पंधरा हजार, वर प्रॉव्हिडंट फंड. मिस्त्रीकडे तीन वर्षं घासलेला पोरगा चौथ्या वर्षी तेवढेच मिळवतो, कदाचित हजारभर जास्तच. आयटीआयच्या दारातून बाहेर पडताच पगार दुप्पट, असं कुणी सांगत असेल तर त्याला पहिल्या पगाराची पावती दाखवायला सांगा.

सरकारी नोकरीचं काय, हा प्रश्न येतोच. महावितरणनं २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली होती. मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. तीन वर्षं नीट पार पडली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. ज्याला ती मिळाली त्याचं आयुष्य मार्गी लागलं. पण या जागा साऱ्या महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या मुलांसाठी असतात आणि त्या दर वर्षी निघतातच असंही नाही. माझ्या मते ही नोकरी जमेच्या रकान्यात लिहू नये. मिळाली तर उत्तम. समासात लिहून ठेवावी.

मग जमेला लिहायचं काय? इथे अब्बांची गोष्ट सांगायला हवी.

मुंबईच्या या भागात विजेचं काम आलं ते गिरण्यांबरोबर. १९०५ साली बेस्टची मूळ कंपनी स्थापन झाली, १९०७ साली विजेची ट्राम धावली. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटाखालून आलेल्या त्या विजेवर गिरण्या चालू लागल्या. वाफेचं इंजिन गेलं, मोटारी आल्या आणि मोटारींबरोबर गिरणीत विजेचं खातं आलं. त्या खात्यात बहुतेक माणसं हातानंच शिकलेली. माझे अब्बा त्यांतले एक. साताऱ्याकडून आले, बदली म्हणून लागले, मग कायम झाले. मोटार आवाज कसा करते यावरून बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळायला लागलं ते सांगत. घरी सिरीजचा बल्ब लावून इस्त्री तपासून देत. चाळीतल्या सगळ्यांच्या इस्त्र्या आमच्याच दाराशी. पण त्यांच्याजवळ कागद एकही नव्हता. गरज काय होती? गिरणी होती, खातं होतं, जॉबर ओळखत होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बा काम शोधायला निघाले तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: परवाना आहे का? विजेचं काम कुणी करावं याचा कायदा होता. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम सांगत होता की वीजमांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानं, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावं. पुढे २०१० आणि २०२३ साली नवे नियम आले तरी हे तत्त्व कायम आहे. अब्बांना काम येत होतं, कायद्याला लागणारा कागद नव्हता. परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला हवा. गिरणीच्या फाटकाला कुलूप, ऑफिसात माणूस नाही, दाखला कोण देणार? दोन वर्षं चकरा मारून त्यांनी तो नाद सोडला.

मग ते एका ठेकेदाराकडे लागले. इमारतीचं वायरिंग अब्बा करायचे, मेगर लावून इन्सुलेशन तपासायचे अब्बाच, आणि मीटरसाठी जो टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो त्यावर सही ठेकेदाराची. त्या सहीचे पैसे वेगळे. पुष्कळदा ते अब्बांच्या आठवडाभराच्या मजुरीपेक्षा जास्त असत. यात त्या ठेकेदाराची काही लबाडी नव्हती. परवाना त्याचा, जबाबदारीही त्याची. पण अठरा वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काम केलेल्या माणसाच्या जेवतानाच्या गप्पपणाची मला चांगली ओळख आहे.

माझी पाळी आली तेव्हा अब्बांनी भायखळ्याच्या साबू सिद्दीकचं नाव काढलं होतं. अंजुमन-ए-इस्लामची ही तंत्रशिक्षणाची संस्था १९३६ पासूनची, घरापासून बसनं वीस मिनिटांवर. मी कवितेच्या मागे होतो, बी.ए.ला गेलो. माझ्या बी.ए.चा खर्च किती आणि कमाई किती, हे कुणी वहीत मांडलं नाही, आणि आता मांडूही नये.

तर जमेच्या रकान्यात पहिल्यांदा लिहायचा तो परवाना. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा परवाना मिळवण्याची वाट मोकळी होते. पुढे अनुभव आणि परीक्षा यांच्या आधारे पर्यवेक्षक, त्याच्याही पुढे स्वतःचा ठेकेदारीचा परवाना. मिस्त्रीच्या पोराची मजुरी सात-आठ वर्षांत एका ठिकाणी येऊन थांबते. रोजावर काम, पावसाळ्यात महिनाभर बसून, फंड नाही. परवानेवाल्याची कमाई त्याच सुमाराला वर चढायला लागते, कारण तो सही करू शकतो. याखेरीज दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आखातात जायचं तरी प्रमाणपत्र लागतंच.

हा फरक रुपयांत धरून पाहू. समजा, कागदामुळे महिन्याला पाच हजार जास्त मिळू लागले. मागे राहिलेले ३,६६,००० भरून यायला ७३ महिने लागतील, म्हणजे सहा वर्षांहून थोडं अधिक. आठ हजारांचा फरक पडला तर ४६ महिने, चार वर्षांच्या आत. हे महिने फरक सुरू झाल्यापासून मोजायचे, पास झाल्यापासून नव्हेत. म्हणजे अठराव्या वर्षी आयटीआयला जाणारा मुलगा अठ्ठावीस-तिशीच्या आसपास मिस्त्रीच्या पोराच्या बरोबरीला येतो आणि नंतरची तीस वर्षं त्याची असतात. मात्र तोवर घर तगलं पाहिजे. ज्या घराला तेवढा दम धरणं शक्य नाही, त्याला 'शिक्षणच मोठं' म्हणून दटावणं मला पाप वाटतं.

खासगी संस्था असेल तर बेरीज बदलते. समजा वर्षाला तीस हजार जादा फी पडली. दोन वर्षांचे साठ हजार, म्हणजे पाच हजारांच्या फरकानं आणखी बारा महिने. कर्ज काढलं तर व्याज वेगळं. पैसे भरण्याआधी तिथे जाऊन तीन गोष्टी बघाव्यात. व्यवसाय राष्ट्रीय परिषदेच्या मान्यतेचा आहे का? वर्कशॉपमध्ये मोटारी चालू आहेत की धूळ खात आहेत? आणि मागच्या तुकडीतली पोरं अप्रेंटिसशिपला कुठे लागली? तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर वही मिटावी. तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन करून देतो म्हणणाऱ्यांकडून हौसेनं फ्यूज बांधायला शिकता येतं. परवान्यासाठी त्या कागदाचा किती उपयोग, ते आधी विचारून घ्यावं.

एक रकाना वहिनींनी केला नव्हता, तो मी जोडला. विजेचा धक्का लागून आपल्या देशात दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. सगळे काही वायरमन नसतात, पण हाताखालची पोरं त्यांत असतात. गिऱ्हाईक म्हणतं, सीरियल चालू आहे, मेन बंद करू नका. मिस्त्री म्हणतो, चल, चालू लाइनवरच कर. पोरगा नाही म्हणू शकत नाही, कारण नाही का म्हणायचं ते त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. आयटीआयचे पहिले धडे सुरक्षेचे असतात: मेन बंद करणं, तपासणं, धक्का लागलेल्याला कसं सोडवायचं आणि श्वास कसा द्यायचा. अब्बांच्या उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत पुरती मिटत नसत. त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, ते मला अजून कळलेलं नाही. पण वहिनींनी ती बोटं पाहिलेली होती.

साडेअकरा वाजले. शेवटी मुलानंच विचारलं, "दोन्ही नाही का करता येणार?"

थोडंफार येतं. एक वाट अशी की किमान तीन वर्षं काम करून, अनुभवाचा दाखला जोडून, खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचं. कमाई बुडत नाही. अडचण अब्बांचीच: दाखला. बहुतेक मिस्त्री पगार हातात देतात, कागदावर काही नाही, आणि नोंदच नसलेल्या कामाचा अनुभव परीक्षेच्या टेबलावर शून्य. दुसरी वाट, आयटीआयला जायचं आणि रविवारी मिस्त्रीकडे. वर्षात चाळीस रविवार, रोज सहाशे धरले तर दोन वर्षांचे ४८,०००. ३,६६,००० ची तूट ३,१८,००० वर येते. आठ हजारांच्या फरकानं मग चाळीस महिने. वहिनींनी स्वतः भागाकार केला आणि माझ्यापुढे वही सरकवली. बरोबर होता.

"दोन वर्षं मी रात्रपाळ्या घेईन," त्या म्हणाल्या. मी त्यावर काही बोललो नाही. हा आकडाही वहीत नव्हता.

मुलानं ऑनलाइन फॉर्म भरला. पसंतिक्रमात पहिलं नाव आमच्या घरापासून जवळची, लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरची सरकारी संस्था. तिथे नंबर लागला नाही. दुसऱ्या एका सरकारी संस्थेत वीजतंत्रीला लागला, जरा लांब, गाडी बदलून जावं लागतं. पासाचा खर्च वाढला, तो वहीत तांबड्या शाईनं लिहिलेला आहे.

आता वर्ष होत आलं. रविवारी तो मिस्त्रीकडे जातो, संध्याकाळी सहाशे रुपये आईच्या हातात देतो. मी त्याला एक गोष्ट करायला सांगितली आहे. मिस्त्रीच्या छापील पावतीपुस्तकातली एक पावती दर महिन्याला घ्यायची: कोणती इमारत, काय काम, किती दिवस, आणि खाली मिस्त्रीची सही. मिस्त्री आधी हसला. म्हणाला, "आम्हाला कुणी कधी दिली होती पावती?" पण देतो. मागच्या महिन्यात त्यानं पोराला विचारलं, तुझ्या त्या चाचांना विचार, माझा कुठे नंबर लागेल का परीक्षेला, वय बेचाळीस आहे.